अठ्ठावीस मिलिमीटरच्या तक्रारी

साच्याची रेघ रंग लावल्याशिवाय दिसत नाही, ही माझी सर्वांत जुनी तक्रार आहे. करड्या प्लास्टिकचा सैनिक दिव्याखाली चारही बाजूंनी फिरवून पाहावा, नखानं चाचपावा, पात्याच्या पाठीनं खरवडावा, तरी गालावरून कानाकडे जाणारी केसाएवढी रेघ नजरेतून सुटते. मग प्रायमर बसतो, त्वचेचा रंग बसतो, वरून पातळ तपकिरी वॉश जातो आणि तो वॉश नेमका त्या रेघेच्या कडेला साचतो. चेहरा जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा, त्यावर हा तिरका व्रण. आता खरवडलं तर रंग निघतो, नाही खरवडलं तर व्रण राहतो.

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांच्या मिनिएचरबद्दल मी हे लिहितो आहे. आज हा छंद ज्या रूपात दिसतो ते रूप इंग्लंडमध्ये घडलं. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातले सैनिक जमिनीवर मांडून, स्प्रिंगच्या तोफेनं त्यांना पाडत लढाई कशी खेळावी याचे नियम लिहिले. १९७९ साली नॉटिंगहॅमशायरमधल्या न्यूअर्क गावी सिटॅडेल मिनिएचर्स सुरू झाली, १९८३ साली 'वॉरहॅमर' आलं आणि १९८७ साली भविष्यकाळातलं 'वॉरहॅमर ४०,०००'. आज नॉटिंगहॅमच्या आसपास मिनिएचर बनवणाऱ्या इतक्या कंपन्या आहेत की शिशाचे सैनिक ओतले जात तेव्हापासूनचं 'लेड बेल्ट' हे नाव त्या भागाला अजून चिकटलेलं आहे.

वेल्सच्या खेळातले सैनिक दुकानातून रंगवूनच येत. आताचे तसे येत नाहीत. डब्यात प्लास्टिकच्या चौकटी असतात, त्यांना स्प्रू म्हणतात. त्यांत हात, पाय, धड, डोकं, बंदूक, पाण्याची बाटली असे सुटे भाग अडकवलेले असतात. ते कापायचे, साफ करायचे, चिकटवायचे, प्रायमर द्यायचा, रंगवायचे, पायाखालच्या चकतीवर माती-गवत करायचं, शेवटी वॉर्निश. एका सैनिकामागे काही तास जातात आणि पलटण म्हटली की वीस-चोवीस सैनिक लागतात.

हे काम मला फार प्रिय आहे. डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढऱ्याचा ठिपका नीट बसला की दिवस सार्थकी लागला असं वाटतं. आणि प्रिय आहे म्हणूनच ज्यांनी दोन मिनिटं जास्त विचार केला असता तर माझी संध्याकाळ वाचली असती, त्यांच्याविषयी मला तक्रार आहे. या तक्रारी किरकोळ आहेत असं मला सांगितलं जातं. मला ते मान्य नाही. अठ्ठावीस मिलिमीटरच्या माणसात अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या माणसाच्या अंगावर तीन सेंटिमीटरची चूक. तीन सेंटिमीटरचा व्रण तोंडावर घेऊन हिंडणाऱ्याला कुणी किरकोळ म्हणत नाही.

रेघ का येते, तर पोलादी साच्याचे दोन अर्धे एकमेकांवर दाबून बसवतात, वितळलेलं पॉलिस्टायरीन मोठ्या दाबानं आत सोडतात आणि दोन अर्धे जिथे मिळतात तिथे थोडं प्लास्टिक शिरतं. ते होणारच. माझी तक्रार रेघ येण्याबद्दल नाही, ती कुठे आणली याबद्दल आहे. ती जागा आकृती कापणारा ठरवतो. बाहीच्या शिवणीवरून, पट्ट्याच्या कडेवरून, मांडीच्या आतल्या बाजूनं रेघ नेली तर खरवडायला सोपी आणि राहिली तरी शिवण म्हणून खपते. तीच रेघ गालावरून, केसाळ कातड्याच्या मधून किंवा साखळीच्या चिलखतावरून नेली तर तिथे पातं चालत नाही. कडी खरवडली की कडीच जाते.

पूर्वी धातूच्या मिनिएचरचा साचा रबराचा असे. रबर वाकतं, त्यामुळे थोडा आत वळलेला कोपराही त्यातून सुटून येई. पोलाद वाकत नाही. म्हणून संगणकावर घडवलेली आकृती आता विचित्र ठिकाणी चिरावी लागते: अर्धा झगा पाठीला, अर्धा मांडीला, हनुवटी छातीबरोबर आणि कपाळ टोपाबरोबर. ही गरज मला समजते. पोलादी साचा करायला किती पैसे पडतात हेही मला ठाऊक आहे. पण सपाट, उघड्या झग्याच्या ऐन मधून जोड नेणं ही गरज नसते. तो जोड पुटीनं भरा, सुकू द्या, बारीक पॉलिशपेपर मारा, पुन्हा प्रायमर द्या, पुन्हा पाहा. पाहणाऱ्याला झगा दिसावा एवढ्यासाठी हे सगळं.

भाग चौकटीला जिथे जोडलेला असतो ती जागाही तशीच. तो दांडा जाड भागाला, शक्यतो चिकटवायच्या बाजूला असावा. प्रत्यक्षात तो भाल्याच्या टोकाला असतो, वेणीच्या बटेला असतो, तलवारीच्या धारेला असतो. कटर लावला की प्लास्टिक ताणून तिथे पांढरं पडतं आणि धार तुटते. मी आधी लांबून कापतो, मग उरलेलं खोड पात्यानं पापुद्र्या-पापुद्र्यानं काढतो. तुम्हीही तसंच करा. पण हे करावं लागू नये, असं माझं म्हणणं आहे.

आता मापाबद्दल. अठ्ठावीस मिलिमीटर हे माप म्हणून डब्यावर छापलेलं असतं, पण ते कशापासून कशापर्यंत याचं उत्तर कंपनीगणिक बदलतं. कुणी तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतो, कुणी डोक्याच्या टोकापर्यंत. कुणी प्रमाणशीर माणूस घडवतो, तर कुणी टेबलापलीकडून ओळखू यावा म्हणून मुद्दाम मोठं डोकं आणि जाड मनगटं देतो. त्याला 'हिरोइक' म्हणतात. विमानांचे मॉडेल बनवणाऱ्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला. एकास बहात्तर म्हणजे एकास बहात्तर, इंग्लंडच्या डब्यातही आणि जपानच्या डब्यातही. सैनिकांच्या बाबतीत मात्र पंचवीसचे अठ्ठावीस झाले, अठ्ठावीसचे बत्तीस होत आले आणि जुनी फौज नव्या फौजेशेजारी पोरसवदा दिसू लागली.

मला याचा त्रास असईमुळे होतो. जालना जिल्ह्यातल्या असई गावापाशी २३ सप्टेंबर १८०३ रोजी ब्रिटिश सेनापती वेलस्लीची आणि शिंदे-भोसल्यांची जी लढाई झाली, ती टेबलावर मांडायचं माझं काम चालू आहे. द ब्वान या सॅव्हॉयच्या सरदारानं उभारलेल्या आणि असईला पोलमन या अधिकाऱ्याच्या हाताखाली लढलेल्या शिंद्यांच्या कवायती पलटणी मी वेगवेगळ्या कंपन्यांची डोकी, धडं आणि बंदुका जुळवून तयार करतो. एकीचं पागोटं घातलेलं डोकं दुसरीच्या धडावर ठेवलं की मान खांद्यात जाते. तिसरीची बंदूक हातात दिली तर ती तोफेएवढी जाड. तिन्ही डब्यांवर छापलेलं माप एकच. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा मावळा उंच असतो आणि ते शोभतं, कारण तो मातीचा मावळा आणि तो मातीचा किल्ला कुणी एका मापाचे म्हणून विकलेले नसतात. इथे मात्र माप छापून विकलं आहे. मग ते पाळा. नाहीतर तळवा ते डोळा किती आणि तळवा ते माथा किती, हे दोन आकडे डब्याच्या बाजूला द्या. दोन ओळींची छपाई आहे.

तशीच आणखी एक ओळ हवी: आतली वस्तू कशाची आहे? कडक पॉलिस्टायरीन असेल तर त्याला प्लास्टिक सिमेंट लागतं. ते दोन्ही पृष्ठभाग वितळवून एकजीव करतं, त्यामुळे जोड भागाइतकाच मजबूत होतो. पातळ सिमेंट तर फटीला नुसतं टेकवलं की आपोआप आत ओढलं जातं. पण तेच सिमेंट रेझिनवर, धातूवर किंवा बोर्डगेमच्या डब्यातल्या मऊ पीव्हीसीवर लावलं तर काहीच होत नाही, तिथे सुपरग्लू हवा. रेझिन आधी साबणाच्या पाण्यात धुवावं लागतं, नाहीतर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर रंगाला धरू देत नाही. मऊ पीव्हीसीवर काही स्प्रे प्रायमर कधीच पुरते वाळत नाहीत, महिन्यांनीही बोटाला चिकटतात. वाकलेला रेझिनचा भाला गरम पाण्यात धरून सरळ करता येतो, वाकलेल्या पांढऱ्या धातूच्या भाल्याला गरम पाण्याचा काही उपयोग नाही. म्हणजे पुढची प्रत्येक कृती या एका माहितीवर अवलंबून आहे आणि बहुतेक डब्यांवर ती नसते. वर चित्र असतं, मागे चित्र असतं, वयाची अट असते, गुदमरण्याचा इशारा अनेक भाषांत असतो. पदार्थाचं नाव नसतं.

सुट्या भागांचा आकार हा वेगळाच विषय आहे. कमरेची काडतुसाची पिशवी मी समजू शकतो, ती मोठी असते. पण दोन मिलिमीटरचं घड्याळ, दीड मिलिमीटरचं शिंगाचं टोक, घोड्याच्या लगामाचा एकेक तुकडा वेगळा का द्यावा, याचं कारण मला सापडलेलं नाही. चिमट्यातून तो उडतो. आमच्या इमारतीत जुनी मोझॅकची लादी आहे, पांढऱ्यात काळे-करडे खडे. तिच्यावर करड्या प्लास्टिकचा दीड मिलिमीटरचा तुकडा पडला की गुडघ्यांवर बसून, बॅटरी जमिनीलगत आडवी धरून, सावली शोधावी लागते. प्लास्टिक हिरवं किंवा तांबडं करायला फार खर्च येणार नाही. प्रायमर दिल्यावर मूळ रंग दिसतही नाही. आणि असे तुकडे एकाऐवजी दोन घातले तर साच्यात जागा किती लागेल? चौकटीत रिकामी जागा ढीगभर असते, मी ती रोज कापून कचऱ्यात टाकतो.

सूचनापत्रिकांबद्दल थोडक्यात सांगतो. जोडणीची पत्रिका बहुधा चांगली असते. रंगवण्याची पत्रिका मात्र पहिल्या चित्रात सपाट रंग, दुसऱ्यात वॉश आणि तिसऱ्यात पूर्ण तयार सेनापती दाखवते. दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्राच्या मध्ये जे काम आहे, म्हणजे सावलीच्या कडेला पातळ रंगाचे पाच-सहा हात, पदराच्या धारेवर उजळ रेषा, डोळे, नखं, पितळेवरची चमक, तेच शिकायचं असतं. नवशिक्याला वाटतं आपल्यातच काही कमी आहे. त्याच्यात काही कमी नसतं, पत्रिकेतच कमी असतं. कित्येक जण पहिल्या डब्यानंतर छंद सोडतात, त्याचा दोष मी या मधल्या गाळलेल्या चित्रांना देतो.

आता पावसाळा. हा विषय नॉटिंगहॅममध्ये बसून सुचणार नाही, म्हणून मी तो सविस्तर लिहितो.

प्रायमरच्या डब्यावर लिहिलेलं असतं: कोरड्या हवेत वापरा. मुंबईत जून ते सप्टेंबर कोरडी हवा म्हणून काही नसते. आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. स्प्रेतला द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार करतो, गार पृष्ठभागावर हवेतली वाफ बसते आणि थर वाळताना तिला आत धरून ठेवतो. प्रायमर खरखरीत बसतो, तो एकवेळ सोसता येतो. पण मॅट वॉर्निश पांढुरकं पडतं. वॉर्निश ही शेवटची पायरी आहे, हे लक्षात घ्या. आठवडाभर रंगवलेल्या सैनिकाच्या लाल कोटावर, काळ्या बुटांवर, तांबूस चेहऱ्यावर धुकं चढतं आणि उतरत नाही. कोरड्या दिवशी चकचकीत वॉर्निशचा एक हात दिला तर कधी उतरतं, कधी नाही. सुपरग्लूचंही तेच. तो हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतो, त्यामुळे पावसाळ्यात भाग नीट जुळवायच्या आत धरतो, वर त्याची वाफ आसपास पांढरी भुकटी होऊन बसते. उघडलेली ट्यूब पुढच्या वेळी दगड झालेली मिळते. मी ती सिलिका जेलच्या पुडीबरोबर हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवतो. घरच्यांना ते आवडत नाही आणि त्यांचंही बरोबर आहे, फ्रीज दुधाभाजीसाठी असतो.

स्प्रेचे डबे ज्वलनशील, म्हणून विमानानं सहजी येत नाहीत. परदेशातून मागवलेल्या पार्सलमध्ये सगळं येतं, तेवढा प्रायमर येत नाही. मग माणूस गाडीच्या पत्र्यासाठीचा स्प्रे आणतो. तो पत्र्यासाठी उत्तम आहे. पत्र्याला नाक, बोटं आणि बटणं नसतात. जाड थरात बटणं बुडतात.

यावर माझा तोडगा असा: पावसाळ्यात स्प्रेचा डबा कपाटात बंद. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक प्रायमर ब्रशनं किंवा एअरब्रशनं द्यावा, दोन पातळ हातांत. वॉर्निशही तसंच. एअरब्रशच्या कंप्रेसरला पाणी अडवणारी छोटी वाटी असते, ती जुलैत वारंवार रिकामी करावी लागते. नाही केली तर रंगाबरोबर पाण्याचा थेंब थुंकला जातो आणि तो चेहऱ्यावरच पडतो. हे सगळं मला आधीच्या रंगवणाऱ्यांनी सांगितलं, कुठल्याही डब्यानं नाही. जगातल्या कितीतरी दमट शहरांत हा छंद चालतो. कोलकाता आहे, मनिला आहे, सिंगापूर आहे. दमट हवेत काय करावं याची चार वाक्यं छापायला हवी होती.

रंगांबद्दल माझ्या तक्रारी बऱ्याच आहेत, त्यातल्या दोन-तीनच मांडतो. पहिली झाकणाची. काही रंग अजूनही उघडझाप झाकणाच्या डबीत येतात. ब्रश बुडवून काढला की काठावर रंग लागतो, तो वाळतो, त्यावर झाकण पुरतं बसत नाही, हवा आत जाते आणि अर्धी डबी रबर होते. थेंबाच्या नळीवाल्या बाटल्यांत हे होत नाही. हवा तेवढा थेंब पडतो, दोन रंगांचं प्रमाण थेंबांत मोजता येतं, पुढच्या महिन्यात तीच छटा पुन्हा करता येते. स्पेनच्या व्हायेहो कंपनीच्या बाटल्या तशा आहेत आणि मी त्याच वापरतो. रंग भांड्यातून बाहेर कसा काढायचा हा प्रश्न सुटलेला आहे. तो पुन्हा न सुटल्यासारखा विकू नये.

दुसरी तक्रार छटांची. २०१२ साली एका मोठ्या कंपनीनं आपली सगळी रंगमालिका बदलली. जुनी नावं गेली, नव्या डब्यांतली छटा जुन्याशी तंतोतंत जुळेना. माझी अर्धी पलटण जुन्या हिरव्यात होती. उरलेली अर्धी नव्या हिरव्यात रंगवली तर टेबलावर दोन पलटणी दिसतात, आणि जुनी खरवडून पुन्हा रंगवायची म्हणजे झालेलं सगळं काम पुसायचं. कपड्याच्या दुकानात एकाच ताग्यातून कापड घ्या असं सांगतात, तेच इथे लागू आहे. पण ताग्याला शेवट असतो हे गिऱ्हाइकाला माहीत असतं. रंगाची मालिका बंद करायची असेल तर वर्षभर आधी सांगावं, म्हणजे माणूस दोन बाटल्या जास्त घेऊन ठेवील.

तिसरी तक्रार पिवळ्याची. पिवळा, नारिंगी आणि पांढरा हे तीन रंग काळ्या प्रायमरवर झाकत नाहीत. शिसं किंवा कॅडमियम असलेले जुने पिवळे दाट झाकत. आता त्यांच्या जागी विषारी नसलेली सेंद्रिय रंगद्रव्यं आली, हे योग्यच झालं, पण ती बरीच पारदर्शक असतात. म्हणून पिवळ्याखाली आधी फिका गुलाबी किंवा गेरूसारखा तपकिरी हात द्यावा, मग पिवळा चढतो. पांढऱ्याखाली उबदार करडा. वेलस्लीच्या शिपायांच्या छातीवरचे एकमेकांना छेदणारे पांढरे पट्टे, रुंदी एक मिलिमीटर, खाली लाल कोट. ते थेट पांढऱ्यानं ओढले तर खडूसारखे दिसतात. करड्यानं ओढून वरच्या कडेला पांढरा दिला तर चामड्याचे दिसतात. हे बाटलीवर छापायला जागा नाही, कबूल. मग दुकानदारानं सांगावं. पिवळी बाटली विकताना कुणीही खालचा रंग विचारत नाही.

दुकानदारांबद्दल खरी तक्रार ब्रशची आहे. बारीक काम म्हटलं की तीन शून्यांचा ब्रश हातात ठेवतात. इतक्या बारीक ब्रशच्या पोटात रंग मावतच नाही, टोक डोळ्यापर्यंत पोचायच्या आत सुकतं. बारीक कामाला बारीक टोक लागतं, बारीक ब्रश नव्हे. एक नंबरचा टोकदार ब्रश पोटात रंग धरतो आणि टोकानं डोळा काढतो. विन्सर अँड न्यूटन कंपनीनं १८६६ साली राणी व्हिक्टोरियासाठी जी 'सीरिज सेव्हन' बनवली ती अशा ब्रशचा नमुना. ती कोलिन्स्कीच्या, म्हणजे सायबेरियन वीझल या प्राण्याच्या शेपटीच्या केसांची असते. महाग आहे, पण धुऊन, टोक काढून ठेवली तर टिकते.

याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे 'नैसर्गिक केसांचा, एकदम चांगला' म्हणून जो ब्रश पुढे केला जातो त्यावर केस कुणाचे हे लिहिलेलं नसतं. विचारलं तर कधी उत्तर येतं, मुंगसाचे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली मुंगसाच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे आणि तरी तो पुरता थांबलेला नाही. एका ब्रशच्या टोकासाठी मुंगूस मारलं जाणं मला असह्य वाटतं. आपल्या शेताच्या बांधावरचा प्राणी आहे तो. केसांचं मूळ छापलेलं नसेल तर घेऊ नका. सिंथेटिक ब्रशचं टोक काही दिवसांत आकड्यासारखं वळतं, ही त्याची खोड खरी, पण सपाट रंगाला, वॉशला आणि धातूच्या रंगांना तो पुरतो. धातूच्या रंगाची चमकी पाण्यात राहते, म्हणून त्याला पाण्याचं भांडं वेगळं ठेवावं. नाहीतर शिपायाच्या चेहऱ्यावर चांदीचे कण उतरतात.

पायाखालच्या चकतीबद्दल एवढंच. एका जुन्या, मोठ्या खेळानं २०१५ साली चौकोनी बेस सोडून गोल घेतले. लोकांनी पलटणी उचकटून गोल चकत्यांवर बसवल्या. त्यात घोटे तुटले, माती-गवत गेलं. २०२४ साली चौकोनी परत आले आणि साध्या पायदळासाठी पूर्वीचे वीस मिलिमीटरचे नव्हेत, तर पंचवीसचे. खेळाचे नियम बदलावेत, त्याला माझी ना नाही. पण नियम कागदावर बदलतात आणि बेस सैनिकाच्या तळव्यांना चिकटलेला असतो. जुन्या बेसवर खेळता येईल असा एक परिच्छेद नियमपुस्तकात घालणं अवघड नाही.

शेवटची तक्रार बनवणाऱ्यांविरुद्ध नाही, पाहुण्यांविरुद्ध आहे. कपाटाच्या काचेमागे सैनिक दिसले की माणसं दार सरकवतात आणि घोडेस्वाराला डोक्याला धरून उचलतात. भाल्याला धरतात. झेंड्याला धरतात. वर विचारतात, "हे विकतोस का?" किंवा "एवढा वेळ मिळतो तुला?" वेळ मिळत नाही, मी तो काढतो, आणि कशासाठी काढायचा हे मी ठरवलेलं आहे. बोटांना घाम असतो, तेल असतं. धारदार कडांवरचा रंग सगळ्यात आधी त्यांनीच झिजतो. नाकाचा शेंडा, टोपीची कड, गुडघा. वॉर्निश काही अंशी वाचवतं, सगळं नाही. आणि तुटलेला भाला पुन्हा जोडायचा तर सुईएवढ्या गिरमिटानं दोन्ही बाजूंना भोक पाडून आत तार घालावी लागते. नुसत्या सुपरग्लूवर तो पुढच्या पाहुण्यापर्यंतही टिकत नाही.

माझा सहा वर्षांचा भाचा मात्र हात पाठीमागे बांधून कपाटासमोर उभा राहतो आणि विचारतो, "मामा, तो तोफवाला बघू?" मी म्हणतो, "बघ, पण खालून धर." तो खालून धरतो, बघतो, परत जागेवर ठेवतो. मोठ्या माणसांना हे सांगितलं तर राग येतो.

तरी सांगतो. कुणाच्याही घरी रंगवलेला सैनिक दिसला तर आधी विचारा. हातात घ्यायला मिळाला तर बेसला दोन्ही बाजूंनी धरा, भाल्याला नाही. आणि ठेवताना ज्या दिशेला तोंड होतं त्याच दिशेला तोंड करून ठेवा, कारण तो रांगेत उभा होता.